निम्मी-निम्मी पेन्शन

रविवार, २४ ऑगस्ट २०२५. रक्कम दहा लाख आठ हजार रुपये. हजर माणसं चार: माझी आई, माझी काकू, माझी बायको आणि मी. जागा नेरूळच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल. टेबलावर दोन पासबुकं, माझा लॅपटॉप आणि मखराला लावायच्या झिरमिळ्यांचा ढीग, कारण गणपती बुधवारी यायचे होते आणि घरात दुसरी मोकळी जागा नव्हती.

दहा लाख आठ हजार म्हणजे आई आणि काकू, या दोघींना मिळून आदल्या आर्थिक वर्षात आलेली फॅमिली पेन्शन. इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये ती कोणाच्या नावावर किती दाखवायची, एवढाच प्रश्न होता. मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर्सचे हिशेब बघतो. सगळी नोकरी आकड्यांत गेली. पासबुकं समोर आहेत, जेवणाआधी उरकू, असं मी बायकोला सांगितलं होतं. तिने झिरमिळ्या टेबलावरून हलवल्या नाहीत, यावरून तिला माझ्यापेक्षा जास्त अंदाज असावा.

आधी माणसं सांगतो. माझे वडील सरकारी खात्यात इंजिनिअर होते. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, सरकारी छापखान्यात मशीनवर होता. काका जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून काकू आमच्याकडेच आहे. तिची एकुलती मुलगी लग्न होऊन उलव्याला असते. माझे वडील २०२४च्या मार्चमध्ये गेले आणि एप्रिलपासून आईला त्यांची फॅमिली पेन्शन सुरू झाली. इंजिनिअरची आणि मशीनवाल्याची पेन्शन सारखी नसते. आईच्या खात्यात वर्षाला ७,२१,४४० रुपये आले, काकूच्या खात्यात २,८६,५६०. महागाई भत्ता वाढला की रक्कम हलते, पण सरासरी काढली तर महिन्याला आईचे ६०,१२० आणि काकूचे २३,८८०.

आता आमच्या घरातली रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आई आणि काकूचं लग्न एकाच दिवशी, एकाच मांडवात झालं. माझ्या आजोबांना दोन लग्नांचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून दोन्ही मुलांचे बार त्यांनी एकदम उडवले. त्या मांडवात आजोबांनी दोन्ही व्याह्यांसमोर सांगितलं की दोन सुना एका दिवशी घरात येतायत, तर या घरात जे येईल ते दोघींना सारखं. साड्या एकाच ताग्यातल्या घेतल्या. पाटल्या एकाच वजनाच्या. आई वयाने काकूपेक्षा पाच महिन्यांनी लहान आहे, पण थोरल्याची बायको म्हणून थोरली. काकू तिला ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ म्हणते, आई तिला ‘अगं’ म्हणते. एवढा एक फरक सोडला तर दोघींनी मांडवातला शब्द आयुष्यभर पाळला. मी लहान असताना आईला कोणी डझनभर हापूस पाठवले तर सहा काकूच्या घरी पोचवायला मलाच पाठवत.

वडील गेल्यावर तेराव्यानंतर आई काकूला म्हणाली, “आता आपण दोघी परत सारख्या झालो.” एप्रिलची पेन्शन आली तशी तिने मला दोन्ही रकमांची बेरीज करायला लावली आणि निम्मे करायला लावले. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला मी आईच्या खात्यातून काकूच्या खात्यात फरकाची अर्धी रक्कम पाठवतो. सरासरी १८,१२०. म्हणजे दोघींच्या हातात बेचाळीस-बेचाळीस हजार. त्यातून दोघी सारखेच पैसे घरखर्चाला देतात, मी नको म्हणालो तरी देतात.

तर त्या रविवारी आई म्हणाली, “लिही. माझे पाच लाख चार हजार, हिचे पाच लाख चार हजार.”

मी लिहिलं. खोटं लिहितोय असं मला वाटलं नाही. दोघींना तेवढेच मिळाले होते. मी स्वतः पाठवले होते.

“पासबुकात तर आईंना साठ हजार येतात,” बायको कात्री चालवता चालवता म्हणाली.

“येतात आणि जातात,” आई म्हणाली.

“ते जातात ते कशात लिहिणार?”

मी रिटर्नचे सगळे रकाने वरपासून खालपर्यंत पाहिले. आलेले पैसे लिहायला भरपूर जागा होती. जावेला दिलेले पैसे लिहायला कुठेच नव्हती.

इथून माझा गोंधळ सुरू झाला. मी निम्मे-निम्मे पुसून पासबुकातले आकडे घातले. काकूच्या करात त्याने फरक पडला नाही, तो शून्यच राहिला. आईचं घेतलं. पेन्शन आहे म्हणून पेन्शनरचा पर्याय निवडला. लगेच पंचाहत्तर हजारांची वजावट आपोआप आली. ७,२१,४४० पेन्शन, ४७,३०० बँकेचं व्याज, वजा पंचाहत्तर हजार: ६,९३,७४०. सात लाखांच्या आत, कर शून्य. मला बरं वाटलं. मग वाटलं, एवढं सोपं असेल तर फॅमिली पेन्शन असा वेगळा रकाना खाली कशाला दिलाय? तो इतर उत्पन्नात होता. तिथे तीच रक्कम घातली तर वजावट फक्त पंचवीस हजार मिळाली आणि कर आला २५,३५० रुपये.

म्हणजे एकाच बाईच्या एकाच पेन्शनवर तीन उत्तरं. निम्मं लिहिलं तर शून्य, वरच्या रकान्यात लिहिलं तर शून्य, खालच्या रकान्यात लिहिलं तर पंचवीस हजार. कारखान्यात बोल्टची एक पेटी तीन जागी मोजून तीन आकडे आले तर मी गोदामाला कुलूप लावून परत मोजायला लावतो. इथे कशाला कुलूप लावायचं?

दुपारी मी आणखी एक चूक केली. नियम वाचायला बसलो. आईने काकूला पैसे दिले तर काकूला त्यावर कर लागेल का? नातेवाइकाने दिले तर लागत नाही, असं होतं. मग नातेवाईक कोण याची यादी. नवरा-बायको. स्वतःचे भाऊ-बहीण. नवऱ्याचे किंवा बायकोचे भाऊ-बहीण. आई-वडिलांचे भाऊ-बहीण. जाऊ हा शब्द कुठेच नाही. शेवटी एक ओळ, की वरच्या सगळ्यांचे नवरे-बायका. मी एका लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे चौकोन काढले. काकूच्या नवऱ्याचा भाऊ, म्हणजे माझे वडील, यादीत. त्यांची बायको, म्हणजे माझी आई, यादीत. आली एकदाची जाऊ कायद्यात. मग शंका आली की ज्या दोन भावांवरून हे नातं निघालं ते दोघेही आता नाहीत. मग नातं उरलं का?

आई पाकिटाकडे बघून म्हणाली, “हे काय काढलंयस?”

“तू काकूची कोण लागतेस ते बघतोय.”

“चाळिशी लाव,” आई म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी कारखान्यातून परस्पर बेलापूरला गेलो. तिथे एका सीए बाईंचं ऑफिस आहे, माझ्या एका सहकाऱ्याचं काम त्या करतात. माझ्यापेक्षा वयाने लहान. टेबलाच्या दोन्ही बाजूंना फायली, रिटर्नची मुदत पंधरा सप्टेंबर, बाहेर चार माणसं बसलेली. मी सगळं मांडवापासून सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला.

“साहेब, लग्न राहू द्या. पेन्शन कोणाच्या नावावर मंजूर आहे?”

“आईची आईच्या, काकूची काकूच्या.”

“मग उत्पन्न त्यांचं त्यांचं. आईंनी काकूंना दिले, ते मिळाल्यावर दिले. मिळालेलं उत्पन्न कोणाला दिलं म्हणून ते आपलं उरत नाही असं नसतं.”

“पण पैसे आईच्या खात्यात फार तर पंधरा मिनिटं असतात.”

“पंधरा सेकंद असले तरी.”

“आणि पंचाहत्तर हजारांची वजावट?”

“ती पगाराची. तुमच्या वडिलांनी घेतली असती तर बरोबर होतं, नोकरी त्यांनी केली. आईंची ती फॅमिली पेन्शन, इतर उत्पन्नात जाते. पंचवीस हजार. बँक त्यावर कर कापत नाही, म्हणून आता एकदम भरायचाय. आईंना धंदा नाही आणि वय साठच्या वर, म्हणून आगाऊ कर लागत नाही. मुदतीत भरा, व्याज पडणार नाही.”

मी पाकिटामागचे चौकोन दाखवून नात्याची शंकाही विचारली. त्यांनी माझ्या पाकिटाकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. “नवरा गेला म्हणून नातं संपत नाही. मी तरी तसंच धरते. काकूंना यातल्या पैशांवर कर नाही. त्यांचं स्वतःचं उत्पन्न तर तीन लाखांच्या आत आहे, त्यांना रिटर्न भरायचीसुद्धा गरज नाही.”

“पण मॅडम, दोघी खरोखर निम्मे घेतात.”

“मलाही दोन जावा आहेत,” त्या म्हणाल्या. “आम्ही एकमेकींना कुकरची शिट्टी उसनी देत नाही. तुमच्या घरचं मला कौतुक आहे. पण रिटर्नमध्ये कौतुकाचा रकाना नाही.”

ट्रेनने नेरूळला येईपर्यंत मी समाधानात होतो. गोदामाचं कुलूप उघडलं होतं, आकडा एकच होता. घरी आल्यावर आईला स्वयंपाकघरात गाठून कराचं सांगितलं. ती म्हणाली, “भरीन. पण हिला सांगू नकोस. उगाच मनाला लावून घेईल.” मग मी हॉलमध्ये गेलो. काकू जमिनीवर बसून चिंचेने समया घासत होती. तिला चांगली बातमी द्यावी म्हणून मी म्हणालो, “काकू, तुझं रिटर्न भरायची गरजच नाही. तुझी पेन्शन तेवढी होत नाही.”

तिचा हात थांबला. “पाच लाख चार हजार होते ना?”

“ते निम्मे केल्यावर. सरकार निम्मे धरत नाही. तुझे दोन लाख शहाऐंशी हजार, आईचे सात लाख एकवीस.”

“मग दर महिन्याला माझ्याकडे येतात ते?”

“ते आईचे. तुझ्यासाठी ती भेट आहे. कर नाही त्याच्यावर, काळजी करू नको.”

“भेट,” काकू म्हणाली. समई उलटी करून ती आतून घासायला लागली. “म्हणजे दिवाळीला आपण झाडूवालीला देतो तशी.”

“तसं नाही गं काकू.”

“मग कसं?”

बेलापूरला जे इतकं स्वच्छ होतं, ते समईसमोर परत गढूळ झालं.

मंगळवारी सकाळी दाराला दोन दुधाच्या पिशव्या होत्या. रोजची लिटरची, आणि एक अर्ध्या लिटरची. काकूने दूधवाल्याला फोन करून स्वतःची वेगळी लावली होती. फ्रिजमध्ये ती तिने दाराच्या कप्प्यात ठेवली. पातेलं वेगळं. चहाही तिने आपला आपण केला. आईने काकूचा रोजचा कप ओट्यावर भरून ठेवला आणि तो दुपारपर्यंत तसाच राहिला. साय धरली.

बुधवारी गणपती बसले. आमचा दीड दिवसाचा. दोघींनी मोदक केले, दरवर्षीसारखेच, पाटावर समोरासमोर बसून. आई पाऱ्या वळते, काकू सारण भरून कळ्या पाडते. एरवी त्या वेळी दोघींची तोंडं हातांपेक्षा वेगात चालतात. त्या दिवशी माझी बायको मध्ये बसून एकटीच बोलत होती. नैवेद्याच्या खिरीला दूध घ्यायची वेळ आली तेव्हा दोघीही उठल्या. आईने लिटरच्या पिशवीतलं घातलं, काकूने तिच्या पिशवीतलं घातलं. खीर इतकी पातळ झाली की भटजींनी वाटी तोंडाला लावून प्यायली.

एक सप्टेंबरला मी नेहमीसारखे पैसे पाठवले. या महिन्याची रक्कम १८,१२०च्या थोडी वर होती, पण इथे तोच आकडा धरतो. संध्याकाळी आईच्या खात्यात ती रक्कम परत आलेली दिसली. काकूला फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत. तिने उलव्याला जाऊन मुलीकडून पाठवून घेतले होते. मी आधी बघत बसलो. आईने काकूला दिले ती भेट. काकूने आईला परत दिले तीही भेट का? की पहिली भेट झालीच नाही? हे मी पुढच्या वर्षी कुठे धरायचं? माझं डोकं असं चालत असताना चुलत बहिणीचा फोन आला.

“दादा, आईला काय झालंय? ती म्हणते, पितृपक्ष संपला की मी तुमच्याकडेच राहायला येते.”

“तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हणणार? ये म्हणाले. आई आहे माझी. पण वन बीएचके आहे दादा, सासू-सासरे धरून पाच माणसं. ती झोपणार कुठे, गॅलरीत? विमानतळाच्या बांधकामाची धूळ खात?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुम्ही तिला काही बोललात का?”

“रिटर्न भरायची गरज नाही म्हणालो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग तिला राग कशाचा आलाय?”

हे मलाही कोणीतरी सांगायला हवं होतं.

त्या रात्री काकू लवकर जेवून खोलीत गेली. ती खोली आई आणि काकू दोघींची आहे. आईने ताट बाजूला सारलं आणि मला म्हणाली, “जुनंच भर. पाच चार, पाच चार. कर पण नाही आणि कटकट पण नाही.”

“ते चूक आहे आई.”

“चूक काय आहे? तिला तेवढे मिळाले नाहीत? तू स्वतःच्या बोटाने पाठवलेत ना?”

“मिळाले.”

“मग खोटं काय लिहायचं आहे त्यात?”

“तुझी पेन्शन सात लाख आहे. मला माहीत आहे. माहीत असून पाच लिहायची?”

“मांडवात काय ठरलं ते पण तुला माहीत आहे. ते खोटं झालं?” आईचा आवाज चढत नाही, पण ती शब्द सुटे करून बोलते. “पंचवीस हजार कर माझ्याकडून भरून घ्यायचा आणि हिला उलव्याला पाठवायचं. दोन्ही तुझ्याच हाताने. कर मग.”

मला दोन्ही आकडे खरे वाटत होते आणि फॉर्ममध्ये एकच मावत होता. सात लाख एकवीस हजार लिहिले तर सरकारशी खरं. पाच लाख चार हजार लिहिले तर घराशी खरं. माझी बायको म्हणाली, आईंना वाईट वाटतं म्हणून तू खोटं लिहू नकोस, आणि काकूंना वाईट वाटतं ते खोटं आहे असंही म्हणू नकोस. मग काय करू, विचारलं तर म्हणाली, ते मला काय माहीत, आकडे तुझे.

आठवडा तसाच गेला. दोन पिशव्या, दोन पातेली. काकूने तिची ट्रंक माळ्यावरून काढून घेतली. सोसायटीच्या बागेत संध्याकाळी दोघी एका बाकावर बसतात, त्या आठवड्यातही बसल्या, पण मध्ये पिशवी ठेवून.

रविवारी, सात सप्टेंबरला, मी परत त्याच टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलो. आईचं रिटर्न पूर्ण भरलं होतं. फॅमिली पेन्शन इतर उत्पन्नात, पूर्ण. वजावट पंचवीस हजार. भरायची रक्कम खाली लाल अक्षरांत. सबमिट करायचं धैर्य नव्हतं. आई खाली भाजी आणायला गेली होती. काकू येऊन समोरच्या खुर्चीवर बसली.

“माझंही रिटर्न भर.”

“लागत नाही काकू तुला.”

“लागत नसलं तरी भर. माझे जेवढे आहेत तेवढेच दाखव. ताईंचे नकोत. माझ्या नवऱ्याने छापखान्यात हाताची बोटं काळी केली ती काय फुकट? त्याची पेन्शन आहे ती. कमी असेल. पण कागदावर येऊ दे.”

मला पहिल्यांदा वाटलं की मी त्या सोमवारी तिला काय सांगितलं ते आता थोडं कळतंय. मी म्हणालो, भरतो. तिचं पासबुक घेतलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि स्क्रीनकडे बघायला लागली. आईचं रिटर्न अजून उघडंच होतं. काकूने चष्मा वर-खाली केला.

“हे लाल काय आहे? पंचवीस हजार?”

मी पान वर सरकवलं.

“अरे, मी वाचू शकते. पंचवीस हजार तीनशे पन्नास. हे कोणी कोणाला द्यायचे?”

“आईने. कर आहे तो.”

“कसला कर?”

“पेन्शनवरचा. पूर्ण पेन्शन तिच्या नावावर धरतात म्हणून.”

“म्हणजे मला दिलेले पैसेसुद्धा धरून?”

“हो.”

“आणि माझा कर किती?”

“शून्य.”

काकू बोटांवर काहीतरी मोजायला लागली. ती आकड्यांत माझ्याइतकी नाही, पण वाटण्यांत मी तिच्याइतका नाही. “म्हणजे मी पाच लाख चार हजार घेतले,” ती म्हणाली. “पूर्ण. आणि ताईंनी पाच लाख चार हजारांतून पंचवीस हजार द्यायचे. म्हणजे वर्षभराचे मला जास्त मिळाले. त्यांना कमी.”

“तसं म्हटलं तर हो.”

“तसं म्हटलं तर काय? आहेच तसं.” ती एकदम चिडली, आणि माझ्यावर नाही. “आणि या बाई मला बोलल्या नाहीत? येऊ दे वर.”

आई भाजीची पिशवी घेऊन आत आली तेव्हा काकू दारातच उभी होती.

“ताई, कर तुम्ही एकट्या भरणार होतात?”

आईने माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघितलं.

“माझ्या नावावर आहे, मी भरणार,” आई म्हणाली. “तुला तर नकोच आहेत ना माझे पैसे. परत पाठवतेस.”

“भेट म्हणून नकोत. मला कोणाची भेट नको या वयात. पण वर्षभर मी निम्मे घेतलेत, तेव्हा भेट नव्हती ती. वाटणी होती. मग कराची वाटणी कुठे आहे?”

“अगं, कर काय आंबे आहेत वाटायला?”

“मांडवात मामंजी काय म्हणाले होते? या घरात जे येईल ते सारखं. चांगलं आलं तरच सारखं, असं म्हणाले होते?”

आईने भाजीची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “तो म्हणतोय की सरकार हे सगळं धरत नाही.”

“सरकार होतं का मांडवात?” काकू म्हणाली.

माझी बायको आतून हसली. आईही हसली असावी, पण ती पाठ फिरवून पिशवीतून मेथी काढत होती. “निवडायला बस,” ती काकूला म्हणाली. “ही एवढी एकटीने होणार नाही.”

काकू बसली. बसताना मला म्हणाली, “अरे, निम्मे किती होतात?”

“बारा हजार सहाशे पंचाहत्तर.”

“माझ्या खात्यातून ताईंच्या खात्यात टाक. आणि या महिन्याचे अठरा आहेत ते परत पाठव इकडे. त्याला तू काय म्हणायचं ते म्हण.”

मी त्याला काय म्हणायचं हे अजून ठरवलेलं नाही. सीए बाईंना फोन करून विचारणार होतो, पण कसं विचारायचं ते जुळेना. जावेने जावेचा निम्मा कर भरला तर तो कशात धरायचा? त्या परत म्हणतील, रकाना नाही. कायद्याच्या दृष्टीने मी बरोबर भरलं आहे, याबद्दल मला शंका नाही. ज्याच्या नावावर पेन्शन, त्याच्या नावावर उत्पन्न, त्याच्या नावावर कर. तरीही रिटर्न उघडून बघितलं की त्यात आमच्या घरातलं जे घडलं त्यातलं काही दिसत नाही. आई त्यात सात लाखांची मालकीण दिसते आणि काकू दोन लाख शहाऐंशी हजारांची. दोघी शेजारी बसून मेथी निवडताना मी पाहतो तेव्हा मला हे दोन आकडे जागेवर बसवता येत नाहीत. मी फार वेळ प्रयत्न केला, मग सोडला.

मंगळवार, ९ सप्टेंबरला कर भरला आणि दोन्ही रिटर्न दाखल केली. भरलेल्या रकमा अशा. आयकर खात्याला आईच्या नावावर २५,३५० रुपये. काकूच्या नावावर शून्य, पण पोचपावती तिने छापून मागितली आणि काकांच्या फोटोमागे खोचली. काकूकडून आईला १२,६७५. आईकडून काकूला सप्टेंबरचे १८,१२०. आणि दूधवाल्याला, जादा अर्ध्या लिटरचे दोन आठवड्यांचे जे झाले ते, दोघींनी निम्मे-निम्मे.